परत गेलेले दगड

रविवार, ६ जुलै २०२५. हेलेन्सबर्ग

यंदा आषाढी एकादशी आणि ऑस्ट्रेलियातला ‘नायडॉक’ सप्ताह एकाच दिवशी सुरू झाले. नायडॉक हा इथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांचा, दर जुलैतला सोहळा. त्याचं मूळ मात्र सोहळ्यात नाही, सुतकात आहे. २६ जानेवारी १९३८ ला सिडनीत गोऱ्यांच्या आगमनाची दीडशे वर्षं वाजतगाजत साजरी होत होती, तेव्हा शंभरेक ॲबोरिजिनल स्त्रीपुरुषांनी काळे कपडे घालून शोकदिनाची सभा भरवली. त्यानंतर चर्चमधून ‘ॲबोरिजिनल रविवार’ पाळला जाऊ लागला आणि १९५५ मध्ये तो जुलैत आला. ज्यांचा धर्म बुडवायला मिशनरी निघाले होते, त्यांच्या हक्काच्या दिवसाला चर्चच्या कॅलेंडरात जागा मिळाली. हा गुंता पुढे आठवडाभर पायात येणार होता.

ताईचा उपास. सकाळी तिच्याकडची साबुदाण्याची खिचडी खाऊन आम्ही हेलेन्सबर्गच्या बालाजीला गेलो. सिडनीच्या दक्षिणेला तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना निलगिरीचं रान आणि त्यातून एकदम वर आलेलं पांढरंशुभ्र गोपुर. मंदिर १९८५ चं. एकादशीमुळे गर्दी, तेलुगू आणि तमिळ जास्त ऐकू येत होतं, मराठी अधूनमधून. माझा भाचा अंगात चमकदार केशरी जाकीट घालून पार्किंगला माणसं लावून देत होता. २०२१ च्या जनगणनेत याच मुलाने धर्माच्या रकान्यात ‘कोणताही धर्म नाही’वर खूण केली होती! त्याला ते आठवून दिलं तर म्हणाला, “मावशी, मदत करतो म्हणजे बिलीव्ह करतो असं थोडंच आहे?”

त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. १९११ मध्ये इथले ९६ टक्के लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत. २०२१ मध्ये ते ४३.९ टक्क्यांवर आले आणि ‘धर्म नाही’ म्हणणारे ३८.९ वर गेले. हिंदू २.७ टक्के, म्हणजे सुमारे ६ लाख ८४ हजार. पाच वर्षांत ५५ टक्क्यांनी वाढलेले. पारंपरिक ॲबोरिजिनल श्रद्धा लिहिणारे मात्र जेमतेम काही हजार भरतात. २०१६ च्या नोंदीत निम्म्याहून जास्त ॲबोरिजिनल लोकांनी ख्रिस्ती असंच लिहिलं होतं. आकडे बघून वाटतं, ती श्रद्धा संपलीच. आपल्याकडे झारखंडचे आदिवासी ‘सरना’साठी जनगणनेत वेगळा रकाना मागतायत, २०२० मध्ये तिथल्या विधानसभेने तसा ठरावही केला. इथे मला तशी मागणी कुणाच्या तोंडी ऐकू आली नाही. का, ते समजायला वाळवंटात जावं लागलं.

परतताना रॉयल नॅशनल पार्कातून बंडीनाला वळलो. तिथल्या जिबन पॉइंटला समुद्राच्या काठी सपाट वालुकाश्मावर धरावळ लोकांनी कोरलेली चित्रं आहेत. आधी नुसता खडक दिसतो. ऊन तिरपं झालं की बोटभर रुंदीच्या खाचा सावली धरतात आणि एक अख्खा देवमासा वर येतो, मग कांगारू. खडकावर पाय पडू नये म्हणून लाकडी मचाण बांधलंय. सकाळचं मंदिर ज्या जमिनीवर उभं आहे, तीही धरावळांचीच.

सोमवार, ७ जुलै. ॲलिस स्प्रिंग्ज

विमान टेकता टेकता घोषणा झाली: आपण अरंडा लोकांच्या भूमीवर उतरत आहोत, त्यांच्या वडीलधाऱ्यांना वंदन. हे आता देशभर सगळीकडे होतं, शाळेत, ऑफिसात, क्रिकेटच्या सामन्याआधी. अर्ध्या विमानाचं लक्ष वरच्या कप्प्यातल्या बॅगांकडे होतं.

गाव पंचवीसेक हजार वस्तीचं. टॉड नदीत पाणी नाही, नुसती वाळू आणि त्यात उभी जुनी झाडं. दारूच्या दुकानाच्या दाराशी पोलीस. संध्याकाळी अँझॅक टेकडीवर चढून सगळं गाव पाहिलं आणि थंडीने कुडकुडत खाली आलो.

मंगळवार, ८ जुलै. एमिली गॅप

अरंडांच्या सांगण्यानुसार हे गाव सुरवंटांनी घडवलं. येपरेन्ये आणि त्याचे भाईबंद असे पूर्वज-सुरवंट आदिकाळी इथे चालत आले आणि त्यांची शरीरं म्हणजेच या डोंगररांगा. गावापासून दहा किलोमीटरवर एमिली गॅप नावाच्या खिंडीत खडकावर तांबड्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची मोठी चित्रं आहेत, सुरवंटाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखी. खडकाशी उभं राहिलं की मागचा डोंगर आणि समोरचे पट्टे एकाच गोष्टीचे भाग आहेत हे कुणी न सांगता कळतं.

‘आदिकाळी’ लिहिलं खरं, पण हा काळ होऊन गेलेला नाही. मानववंशशास्त्रज्ञ स्पेन्सर आणि गिलन यांनी १८९९ मध्ये अरंडांवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून ‘ड्रीमटाइम’ हा शब्द रूढ झाला आणि जगाला वाटलं की या स्वप्नाळू दंतकथा आहेत. इथे मात्र ती हकिगत म्हणजे कायदा आहे: कुणी कुणाशी लग्न करायचं, कुठलं पाणी कुणाचं, कुठल्या जागेची राखण कुणाकडे. पूर्वज जिथे थांबला ती जागा अमुक कुळाची, आणि तिचं गाणं म्हणायचा अधिकारही त्यांचाच. कुणाला धर्मांतर करवून आत घ्यायचं नाही. तुमचा त्या जागेशी संबंध नसेल, तर तुम्ही श्रद्धा ठेवून उपयोग काय?

गावात परतताना भाच्याने एका रस्त्यावर गाडी हळू केली. नकाशावर नाव बॅरेट ड्राइव्ह, लोकांच्या तोंडी ‘ब्रोकन प्रॉमिस ड्राइव्ह’. १९८० च्या दशकात हा रस्ता काढताना सुरवंटाचं अंग मानलेल्या एका टेकडीचं शेपूट कापलं गेलं. उंची पाहिली तर लहानसं टेकाड. आपल्याकडे रस्ता रुंदीकरणात म्हसोबा सरकवतात, शेंदूर लावून दहा फुटांवर पुन्हा बसवतात. सुरवंट सरकवता येत नाही, कारण ती जागा त्याचं देऊळ नाही, तो स्वतः आहे.

दुपारी स्ट्रेलो संशोधन केंद्राच्या इमारतीपर्यंत गेलो. टी. जी. एच. स्ट्रेलो हा मिशनऱ्याचा मुलगा, १९०८ चा, अरंडा पोरांबरोबर अरंडा बोलत वाढला. पुढे म्हाताऱ्या अरंडांनी त्याच्याकडे आपल्या पवित्र वस्तू सोपवल्या, सुमारे १२००. तरुणांत कुणी वारस उरला नाही असं त्यांना वाटत होतं. त्या वस्तू इथे कुलूपबंद आहेत. दीक्षा न झालेल्या पुरुषांनी आणि बायकांनी त्या बघायच्या नाहीत. ताई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या आम्ही! पण इथे बायकांची स्वतःची स्थळं आणि विधी आहेत, आणि तिथे पुरुषाला मज्जाव आहे. तरी माझं पूर्ण समाधान झालं नाही, हेही लिहून ठेवते.

बुधवार, ९ जुलै. हर्मन्सबर्ग

या आठवड्यात मला सगळ्यात जास्त बोललेली जागा म्हणजे एक थडगं. ॲलिसच्या पश्चिमेला सातेक किलोमीटरवर, रस्त्यालगत. जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन पाद्रीचं. १९२८ मध्ये विमानाने डॉक्टर पोहोचवायची सेवा त्यानेच सुरू केली, आजची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस. इथला वीस डॉलरच्या नोटेवरचा माणूस. १९५१ मध्ये तो वारला. थडग्यावर काहीतरी भव्य हवं म्हणून सरकारी खात्याने चारशे किलोमीटर उत्तरेकडून, कार्लू कार्लू नावाच्या जागेवरून, एक प्रचंड गोल शिळा उचलून आणून ठेवली. ती जागा कायटेट्ये आणि वारूमुंगू लोकांची पवित्र जागा. कुणाला विचारलं नव्हतं.

ती शिळा परत मागण्यात वर्षं गेली. फ्लिनवर इथल्या माणसांचं प्रेम होतं, त्याच्या थडग्याला हात लावणं चर्चच्या मंडळींना पटेना. अखेर अरंडांनी तोडगा काढला: तुमची शिळा तुम्ही घेऊन जा, आणि या पाद्रीसाठी आम्ही आमच्या सुरवंटाच्या जागेवरचा एक दगड देतो. १९९९ मध्ये अदलाबदल झाली. कार्लू कार्लूची शिळा घरी गेली.

मी त्या दगडाभोवती बराच वेळ घालवला. आज तिथे आहे तो लालसर, ओबडधोबड, एका बाजूला भेग गेलेला. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या डोक्याशी सुरवंटाचा दगड, आणि तोही देणाऱ्यांनी स्वखुशीने दिलेला. ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणताना आपण सगळे देव एकाच पंगतीला बसवतो आणि वाद मिटवतो. इथे कुणी म्हटलं नाही की दगड इथून तिथून सारखेच. उलट, प्रत्येक दगड कुठला आणि कुणाचा हे नीट ठरवलं, म्हणून तर देणंघेणं जमलं.

तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास हर्मन्सबर्ग, मूळ नाव न्तारिया. १८७७ मध्ये जर्मन लुथेरन मिशनरी अॅडलेडकडून मेंढरं हाकत इथवर आले. चुन्याने पांढऱ्या केलेल्या दगडी भिंती, पत्र्याची छपरं, खजुराची झाडं, मधोमध जुनं चर्च. मिशनऱ्यांचा हिशेब काळा-पांढरा मांडता येत नाही. त्यांनी विधी बंद पाडायचे प्रयत्न केले, मुलांना वसतिगृहात ठेवलं. पण गुरं राखणाऱ्या गोऱ्यांच्या बंदुकीपासून आडोसाही याच आवारात मिळाला. कार्ल स्ट्रेलो, त्या आधीच्या स्ट्रेलोचा बाप, १८९४ मध्ये आला. पाद्री म्हणून त्याने अरंडांचे विधी पाहायला जायचं नाकारलं, आणि त्याच माणसाने त्यांच्या कथा आणि गाण्यांवर जर्मनमध्ये खंडच्या खंड लिहिले.

त्याच्या नोंदींतली एक कथा सांगते. जवळच्या पाम व्हॅलीत ताडासारखी झाडं आहेत, आजूबाजूला हजार किलोमीटरमध्ये तशी नाहीत. अरंडांनी त्याला सांगितलं होतं की देवांनी उत्तरेकडून बिया आणल्या. शतकभराने झाडांची जनुकं तपासली तर ती खरंच उत्तरेकडच्या मटारंकाच्या झाडांची भावकी निघाली, आणि बिया माणसांनीच आणल्या असाव्यात, फार तर तीस हजार वर्षांपूर्वी, असा अंदाज निघाला. भाचा यावर खूश! “म्हणजे सायन्सने प्रूव्ह केलं.” मला तो आनंद जरा खुपला. प्रयोगशाळेचा शिक्का बसला नसता तर कथा खोटी होती का?

चहाच्या खोलीत अॅपल स्ट्रुडल मिळतं, वाळवंटात, जर्मन मिशनची आठवण म्हणून. मागे ध्वनिमुद्रित भजनं चालू होती: जर्मन चाली, शब्द अरंडा, आवाज बायकांचे. इथलं चर्चगायन १९ व्या शतकापासून चालत आलेलं आहे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अशा वस्त्यांमधल्या बायकांचं पथक २०१५ मध्ये थेट जर्मनीत जाऊन गाऊन आलं. तिथे विसरल्या गेलेल्या चालीही यांच्या गळ्यात शाबूत होत्या. चित्रकार आल्बर्ट नामाजिरा इथलाच, १९०२ मध्ये जन्मलेला. लुथेरन म्हणून वाढला, अरंडांची दीक्षाही घेतली, आणि जलरंगात तेच डोंगर रंगवत राहिला. १९५७ मध्ये त्याला नागरिकत्वाचे हक्क ‘बहाल’ झाले, स्वतःच्या बापजाद्यांच्या भूमीवर.

चर्चच्या आवारात एका आजींशी दोन शब्द झाले. ताईने विचारलं, तुम्ही चर्च मानता की जुनं? आजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी विचारावं की तुम्ही आईच्या की बापाच्या. “दोन्ही,” म्हणाल्या, आणि पाव घ्यायला दुकानाकडे गेल्या.

गुरुवार, १० जुलै. रस्त्यात

आज उलुरूकडे, वाळवंटातल्या त्या प्रचंड लाल कातळाकडे. साडेचारशे किलोमीटर. एर्लडंडाला उजवीकडे वळायचं आणि मग सरळ. वाटेत सपाट माथ्याचा डोंगर दिसतो, सगळे गाडी थांबवून फोटो काढतात, तो उलुरू नसतो, माउंट कॉनर असतो. आम्हीही काढला.

गाडीत विषय निघाला जमिनीचा. १९७१ मध्ये उत्तरेकडच्या यिर्कला इथल्या योल्ङू लोकांचा खाणीविरुद्धचा खटला न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी फेटाळला. पुराव्यावरून त्यांना एवढं दिसलं की हे लोक जमिनीचे आहेत, पण जमीन त्यांची आहे असं काही सिद्ध होत नाही. केवढं नेमकं बोलले, आणि केवढं नुकसान केलं! पाच वर्षांनी, १९७६ च्या कायद्याने बाजू उलटली. नॉर्दर्न टेरिटरीत जमीन मागायची तर त्या स्थळाशी आपल्या कुळाचं आध्यात्मिक नातं आहे आणि मुख्य जबाबदारी आपली आहे, हे दाखवायचं. श्रद्धा हाच सातबारा झाला. म्हणून तर जनगणनेचा रकाना यांना पुरत नाही. आणि २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात जुकान दरीतल्या ४६ हजार वर्षं माणसांच्या वावराच्या गुहा खाणकंपनीने सुरुंगाने उडवल्या, तेही कायद्यात बसवून. घोषणेत वंदन करायला सगळे तयार असतात. लोखंड निघालं की वंदन थांबतं.

रात्री मुक्कामी पोहोचलो तर पूर्ण चंद्र. ताईच्या लक्षात आलं, आज गुरुपौर्णिमा.

शुक्रवार, ११ जुलै. उलुरू

पहाटे चार अंश. सूर्य साडेसातला. उलुरू ३४८ मीटर उंच, हे वाचून कळत नाही. पायथ्याशी मान वर केल्यावर कळतं.

पायवाट १०.६ किलोमीटरची. खडक उजवीकडे ठेवून चालत राहायचं, म्हणजे ताईची प्रदक्षिणाच. तिने “हा तर यांचा कैलास” म्हटलं आणि माझा तिच्याशी वाद झाला. इथले मूळ रहिवासी अनांगू इथे फेऱ्या घालत नाहीत, खडकाला नवस बोलत नाहीत. वाट पार्कने आपल्यासाठी आखलीय. आपल्याला सगळीकडे आपलंच दिसतं आणि त्यालाच आपण आदर म्हणतो.

मुटिजुलूच्या पाणवठ्याशी मात्र सगळे गप्प बसून पाहत होतो. अजगरीण कुनिया हिच्या भाच्याला विषारी सापांनी, लिरूंनी, भाल्यांनी मारलं. ती चिडून आली, आणि लिरू हसला. तिने खणायच्या काठीने त्याच्या डोक्यावर घाव घातला. कातळावर दोन उभ्या भेगा आहेत, पहिली लहान, दुसरी खोल. तिचे दोन घाव. पलीकडे वरून खाली आलेली काळी नागमोडी रेघ, ती कुनिया. खाली पडलेली शिळा ही लिरूची ढाल. रेंजर बोट न दाखवता हनुवटीने खूण करत होता. माझ्या भाच्याने मला कोपर मारलं: “मावशी, भाच्यासाठी एवढं करशील?”

काही भागांत फलक आहेत: फोटो काढू नका. इथल्या खडकाचे तपशील धर्मग्रंथासारखे आहेत आणि ते जागेवरच बघायचे, असं त्यावर म्हटलंय. यांच्याकडच्या नियमाचं नाव चुकुर्पा, आणि तो असा लिहिलेला आहे, कातळात. बऱ्याच जणांनी फोन खाली घेतला. एकाने नाही घेतला.

चढायच्या जुन्या वाटेचा फिकट ओरखडा अजून दिसतो. १९६४ मध्ये तिथे साखळी ठोकली होती. माळेने वर जाणाऱ्यांना अनांगू ‘मिंगा’ म्हणत, मुंग्या. २६ ऑक्टोबर १९८५ ला सरकारने जमीन परत केली, पण लगेच ९९ वर्षांच्या भाड्याने पार्कसाठी घेतली. चढाई थांबायला आणखी ३४ वर्षं लागली. मुद्दाम त्याच तारखेला, २०१९ मध्ये, ती बंद झाली. शेवटच्या दिवसांत चढायला रांगा लागल्या होत्या.

सांस्कृतिक केंद्रात एक वही आहे. आठवण म्हणून दगड-माती उचलून नेलेले लोक जगभरातून ते पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी. अनेकांना वाटतं, दगड नेल्यापासून घरात आजारपण लागलं. यातले कितीतरी ‘धर्म नाही’वाले असतील. पार्कवाल्यांची मात्र पंचाईत: दगड नेमका कुठला, हे न कळता तो ठेवायचा कुठे?

याच उलुरूच्या नावाने २०१७ मध्ये मूळ रहिवाशांचं निवेदन निघालं. जमिनीवरचं आमचं सार्वभौमत्व ही आध्यात्मिक गोष्ट आहे, असं त्यात म्हटलंय. संसदेला सल्ला देणारा आपला ‘आवाज’ ही त्यातली पहिली मागणी होती. तिच्यावर १४ ऑक्टोबर २०२३ ला झालेल्या सार्वमतात साठ टक्के लोकांनी ‘नको’ म्हटलं. ताई ‘हो’वाली होती. तिच्या भजनी मंडळातल्या निम्म्या बायका ‘नको’वाल्या, “आपण आत्ता आत्ता आलो, आपल्याला काय त्याचं” म्हणणाऱ्या.

शनिवार, १२ जुलै. काटा जूटा

खडकाचे छत्तीस घुमट, उलुरूहून उंच. वाऱ्याच्या दरीतली वाट उन्हाळ्यात ३६ अंशांना बंद करतात. आज स्वेटर निघत नव्हता.

फलकावर खडकाची घडण सविस्तर आहे. कथा नाही. हे दीक्षित पुरुषांचं ठिकाण, इथलं सांगायचं नसतं, एवढंच. भाच्याने फोन काढला. त्याला कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं की चार्ल्स माउंटफर्ड नावाच्या अभ्यासकाने या भागातली गुपितं पुस्तकात छापली होती. खरं आहे. त्याला ती १९४० मध्ये विश्वासाने सांगितली होती. १९७६ मध्ये पुस्तक आलं, तेव्हा अनांगूंपैकीच पिचांचाचारा पुरुष कोर्टात गेले, आमच्या बायकामुलांच्या हाती हे पडलं तर समाज मोडेल म्हणाले, आणि कोर्टाने नॉर्दर्न टेरिटरीत विक्रीला मनाई केली.

“सेकंड हँड मिळतं गं मावशी. घेऊ?”

“नको म्हटलंय ना त्यांनी,” ताई म्हणाली आणि पुढे चालू लागली.

मला मात्र ते वाचायचं होतं. अजूनही आहे.